मत्थियाच्या शेजारची जागा

दुरुस्तीकाकांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर होतं, आणि पेन्शन देणाऱ्या कारकुनाखेरीज ते कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं. देवळाच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या, छापखान्यात एकतीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. छापखाना बंद पडला, यंत्र भंगारात गेलं, अक्षरांचे खिळे वितळवले गेले, पण काकांचा हात काही थांबला नाही. शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिका ते तारखेच्या आत दुरुस्त करून परत नेऊन देत. औषधाच्या खोक्यावरच्या सूचनेत त्यांना दोन चुका सापडल्या होत्या, आणि त्या दुरुस्त केल्याशिवाय त्यांनी गोळी घेतली नव्हती. बायको गेली तेव्हा वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमीचं प्रूफ मागून घेऊन त्यांनी त्यातला एक ऱ्हस्व दीर्घ केला, खाली सही केली, आणि मग तिथल्याच बाकावर बसून रडले.

अशा माणसाकडे नवे फादर पुस्तक घेऊन आले, यात नवल नव्हतं.

नवे फादर वयाने काकांच्या मुलाएवढे. ख्रिस्ती धर्माचा प्राचीन इतिहास हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि तो चार वर्षं शिकून आल्यामुळे त्यांचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. त्यांच्या हातात प्रेषितांच्या चरित्रांचं ते जुनं पुस्तक होतं. छापखान्याच्या काळातल्या थोरल्या फादरांनी लिहिलेलं, देवळाच्याच छापखान्यात छापलेलं, आणि पंचेचाळीस वर्षं घरोघरी वाचून वाचून कोपरे गोल झालेलं.

"काका, देवळाला शंभर वर्षं होताहेत. नवी आवृत्ती काढू या म्हणतो," फादर म्हणाले. "पण इतिहास तेवढा ठेवायचा. दंतकथा वेगळ्या काढायच्या."

"वेगळ्या काढून टाकायच्या कुठे?"

"टाकायच्या म्हणजे... गाळायच्या."

"पुस्तक तीस पानांचं आहे, फादर. सहा पानी पत्रक काढायचं असेल तर तसं आधी सांगा."

फादर हसले. त्यांनी खिशातून तीन पेन्सिली काढल्या. शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे त्याला हिरवी खूण. शास्त्रात नाही, पण बऱ्याच जुन्या काळापासून दोन-तीन जण स्वतंत्रपणे सांगत आलेत, त्याला निळी. ते 'परंपरा अशी आहे' म्हणून राहील. आणि ज्याला ना आगा ना पिछा, त्याला लाल. लाल ते जाईल.

सूनबाई चहा घेऊन आली. टेबलावरच्या तीन पेन्सिली पाहून म्हणाली, "आता महिनाभर घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही तर."

"का हो?" फादरांनी विचारलं.

"बाबा आमच्या बोलण्यावरही खुणा करतील. माझ्या माहेरच्या गोष्टी सगळ्या लाल."

काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून कामाला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात बारा प्रेषितांची दशा बघवेना. पेत्राला उलट्या क्रुसावर दिलं, हे लिहिलेलं सापडतं ते तो गेल्यावर शंभरावर वर्षांनी, निळं. आंद्रियाचा तिरपा क्रूस तर हजारेक वर्षांनी उगवलेला, लाल. योहानाला उकळत्या तेलात टाकलं आणि तो अंघोळ करून आल्यासारखा बाहेर आला, यावर काकांनी बराच वेळ निळी पेन्सिल धरली, मग लाल, मग परत निळी. बर्थलमयाची कातडी सोलल्याची गोष्ट लहानपणी ऐकून ते आठ दिवस जेवले नव्हते. तिलाही लाल करताना, त्या आठ दिवसांचं जेवण आता कुणाकडे मागायचं, असं त्यांना वाटलं.

इतक्या जणांत मृत्यूचा धड दाखला म्हणावा तर जब्दीच्या याकोबाचा. हेरोदाने त्याला तलवारीने मारलं, शास्त्रात एक ओळ, हिरवी. आणि दगा देणाऱ्या यहूदाचा मृत्यू मात्र शास्त्रात दोन ठिकाणी, दोन तऱ्हेचा. "नावडत्या माणसाचं मरण सांगायला कमी पडत नाही कोणी," काका सूनबाईला म्हणाले, आणि दोन्हींना हिरवी खूण करून मोकळे झाले.

मग यहूदाच्या जागी निवडलेला मत्थिया आला, आणि काकांनी तिन्ही पेन्सिली खाली ठेवल्या.

मत्थियाबद्दल शास्त्र सांगतं ते एवढंच. यहूदा गेल्यावर एक जागा रिकामी झाली. दोन माणसं लायकीची निघाली, एक युस्त आणि एक मत्थिया. चिठ्ठ्या टाकल्या. मत्थियाचं नाव निघालं. त्यानंतर शास्त्रात मत्थिया पुन्हा दिसत नाही, आणि युस्त तर नाहीच नाही. हे सगळं थोरल्या फादरांनी पावणेदोन पानांत फुलवून लिहिलं होतं. त्याच्याखाली शेवटच्या नऊ ओळी अशा होत्या:

'मत्थिया सर्वांत शेवटी आला म्हणून जन्मभर दाराजवळ बसला. कुणी उशिरा आलं तर तोच उठून जागा करून देई. पण आपल्या उजव्या हाताची एक जागा मात्र त्याने कुणालाच दिली नाही. घर भरलं, माणसं उभी राहिली, तरी ती रिकामीच असे. एकदा एका विधवेने विचारलं, ही कुणासाठी? मत्थिया म्हणाला, युस्तासाठी. चिठ्ठी त्याचीही निघू शकली असती.'

या नऊ ओळी गावातल्या प्रत्येकाला पाठ होत्या. देवळातल्या शेवटच्या बाकावर दाराकडची एक जागा पंचेचाळीस वर्षं कुणी बसून मळवली नव्हती. ज्याच्या नशिबी काही आलं नाही त्याच्यासाठी ती आहे, असं आया मुलांना सांगत. परीक्षेत नापास झालेले, लग्न मोडलेले, नोकरी हुकलेले लोक येता-जाता त्या लाकडावर हात टेकवत.

आणि त्या नऊ ओळी कुठून आल्या, हे जगात फक्त काकांना माहीत होतं.

त्या काळी प्रत्येक चरित्र पुऱ्या दोन पानांचं, हा थोरल्या फादरांचा कायदा. पान अर्धवट सोडायचं नाही, आणि उरलेल्या जागेत वेलबुट्टी तर मुळीच नाही. वेलबुट्टी म्हणजे बाजारूपणा. अकरा जणांनी दोन-दोन पानं व्यवस्थित भरली. मत्थियाची माहितीच संपली. शेवटी नऊ ओळींची जागा उरली, थोरले फादर पंधरा दिवस बाहेरगावी गेलेले, आणि जुळवलेली पानं यंत्रावर चढवायला हवीत म्हणून यंत्रावरचा माणूस दारात उभा राहून 'फर्मा द्या, फर्मा द्या' करत होता.

खिळे जुळवायला तेव्हा एक मुलगी होती. अंगाने चिमूटभर, पण हात असा की डोळे खिडकीबाहेर आणि बोटं खणांतून अक्षरं वेचताहेत. तिनं ओलं प्रूफ आणून तरुण काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"वाचा."

"हे शेवटचं मूळ प्रतीत नाही," काका म्हणाले.

"जागा होती."

"जागा होती म्हणून प्रेषिताच्या तोंडी काहीही घालायचं?"

"तुम्ही दुसरं काही सुचवा. नाहीतर कोरं सोडा आणि फादरांना तुम्हीच सांगा."

काकांनी 'छापा' असं लिहून सही केली. एकतीस वर्षांत जाणूनबुजून केलेली तेवढी एक चूक.

थोरले फादर परतले तेव्हा पुस्तक बांधून तयार होतं. ते रात्रभर वाचतील, मग आपली दोघांची नोकरी जाईल, या हिशेबाने काकांनी सकाळी डबाही नेला नव्हता. पण थोरल्या फादरांनी स्वतःचं पुस्तक वाचलं आणि त्यांना ते फार आवडलं. आपल्या नावाने छापलंय म्हणजे आपणच लिहिलं असणार, असा त्यांनी सरळ हिशेब केला. पुढच्या रविवारी त्यांनी मत्थियावर असं प्रवचन दिलं की पहिल्या बाकावरच्या बायका रुमाल शोधू लागल्या. मागे उभ्या असलेल्या त्या मुलीनं काकांकडे पाहिलं. त्या वर्षअखेरीस दोघांचं लग्न झालं.

काका हा किस्सा घरात चाळीस वर्षं सांगत आले, मात्र कुणाला खरं वाटणार नाही अशा बेताने, अर्धा गमतीत. सांगून झाला की म्हणत, "आणि युस्ताचं तिनं का घातलं सांगू? माझ्यासाठी." कारण त्याच्या आदल्याच वर्षी शाळामास्तरच्या एका जागेसाठी दोघे सारखे ठरले होते, हेडमास्तरांनी नाणं उडवलं होतं आणि काका हरले होते. छापखान्यात ते चार दिवसांपुरते म्हणून आले होते. "बघितलंत, मला न सांगता केवढं सांत्वन केलं हिनं," असं ते म्हणाले की बायको भाजी निवडत म्हणायची, "असू द्या. तुमच्या तोंडी बरं वाटतं."

आणि आता टेबलावर हिरवी, निळी, लाल. लाल ते जाणार. बायकोनं लिहिलेलं जगात छापील असं तेवढंच होतं.

काकांनी ते पान खूण न करता तसंच ठेवून पुस्तक फादरांकडे नेलं. फादरांच्या खोलीत पुस्तकांचे ढीग खुर्च्यांवर होते आणि फादर स्वतः उभे होते.

"बरं झालं आलात!" फादर म्हणाले. "मत्थियाची ती रिकामी जागा! मला आधी वाटलं, गेली लालमध्ये. पण हे बघा." त्यांनी दोन पुस्तकं आणि एक सुटा कागद टेबलावर ओळीने मांडला. "हे मुलांच्या धर्मशिक्षणाचं. हा प्रवचनसंग्रह. आणि हे भिंतीवरच्या पंचांगाचं जुनं पान. तीन वेगवेगळी गावं, तीन वेगवेगळे लेखक, एकमेकांना ओळखतही नसतील. आणि तिन्हींत तीच गोष्ट! शब्दही जवळजवळ तेच."

"हो का," काका म्हणाले.

"म्हणजे यांच्यामागे एखादी फार जुनी, हरवलेली पोथी असणार. तिघांनीही तीच वाचलेली. मी तर अनुमानही केलंय, पूर्वेकडची असावी."

पूर्वेकडे म्हणजे फादरांच्या खिडकीतून दिसणाऱ्या, पूर्वी छापखाना होता त्या पत्र्याच्या शेडकडे काकांनी एकदा नजर टाकली. तिघांनीही पुस्तक घरबसल्या टपालाने मागवलं होतं; पाकिटांवर पत्ते काकांनीच तपासले होते.

"निळी खूण," फादर म्हणाले. "आणि बाकावर एक लहानशी पितळी पाटी लावू. प्राचीन परंपरा म्हणून. चालेल ना?"

काकांना इथे तोंडातून शब्द न काढणं एवढंच करायचं होतं. बायकोच्या नऊ ओळी पितळेत जाणार होत्या. पण बायकोच्या म्हणून नव्हे, पूर्वेकडच्या पोथीच्या म्हणून.

"विचार करतो," काका म्हणाले आणि घरी आले.

सूनबाईने त्यांचा चेहरा पाहिला. "काय झालं? फादरांनी तुमच्याच चुका काढल्या की काय?"

"अगं, आईची पत्र्याची पेटी कुठे आहे?"

"माळ्यावर. का?"

"काढ जरा."

पेटी खाली आली. वर शिवणकामाची चिंधी, मग मुलाचं बाळपणीचं टोपरं, मग खिळे जुळवायची ती पितळी पट्टी; छापखाना बंद झाला तेव्हा बायकोनं पदराआड घरी आणली होती आणि काकांनी ती दिसली नाही असं दाखवलं होतं. सगळं बाहेर काढलं तेव्हा तळाशी कागद अंथरलेला दिसला. जुन्या प्रुफांचेच कागद घरात सगळ्या फळ्यांवर असत, त्यात विशेष काही नव्हतं. पण हा दुमडून ठेवलेला होता.

काकांनी तो उलगडला. पिवळा पडलेला, मत्थियाचं शेवटचं पान.

प्रुफात ओळी सातच होत्या. 'ही कुणासाठी?' इथे मजकूर संपत होता. त्याखाली दोन ओळींची कोरी जागा, आणि तिथून निघालेली एक रेघ समासात गेली होती. समासात लिहिलं होतं: 'मत्थिया म्हणाला, युस्तासाठी. चिठ्ठी त्याचीही निघू शकली असती.'

अक्षर काकांचं होतं. शंकेला जागाच नव्हती. तो मागे वळलेला 'ठ' सबंध छापखान्यात दुसरं कुणी काढत नसे, आणि काढलाच तर काका दुरुस्त करत.

ते पेटीच्या कडेवर बसले. सूनबाई म्हणाली, "बाबा, ती मोडेल," तरी उठले नाहीत.

म्हणजे सांत्वन तिनं केलंच नव्हतं. नाणं उलटं पडलेला तो तेवीस वर्षांचा मुलगा स्वतःच स्वतःचं सांत्वन करून बसला होता, आणि ते बायकोच्या नावावर चाळीस वर्षं सांगत होता. बाकीचं जगाचं जाऊ दे, दुरुस्तीकाकांच्या स्वतःच्या घरातली ही कथा, आणि ती लाल!

"खाली आणखी काहीतरी आहे," सूनबाई वाकून म्हणाली. "हे आईंचं अक्षर ना?"

काकांनी चष्मा वर केला. कागदाच्या अगदी तळाशी, कडेला लागून, पेन्सिलीनं, बारीक:

'दोन ओळी तुमच्यासाठी सोडल्यात. भरा.'

काकांनी ती ओळ मोठ्याने वाचली. मग सूनबाई म्हणाली, "आईंना त्या दोन ओळी सुचत नव्हत्या, असं नाही वाटत मला."

"तिला?" काका म्हणाले. "ती वाण्याच्या यादीतसुद्धा ओळ पुरी करायची."

दुसऱ्या दिवशी काका फादरांकडे गेले ते प्रूफ वहीत घालून. "फादर, मला एक कबूल करायचंय."

फादरांनी तत्परतेने दार लावलं आणि पापांची कबुली ऐकताना घालायची खुंटीवरची पट्टी गळ्यात घालायला हात लांबवला.

"अहो, ते नको," काका म्हणाले. "पाप नाही. प्रूफ आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. नऊ ओळींची जागा, फर्मा मागणारा माणूस, टपालाची पाकिटं. फादर ऐकत होते, आणि ऐकता ऐकता एका खुर्चीवरच्या पुस्तकांवरच बसले.

"म्हणजे माझी पूर्वेकडची पोथी..."

"ती शेड दिसतेय ना, तिथे होती."

"आणि मी त्यावर लेख लिहायला घेतला होता!"

"लिहून झाला की आणा. तपासून देतो."

फादर आधी लाल झाले, मग त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "काका, तुम्ही गप्प बसला असता तर मला जन्मात कळलं नसतं."

"म्हणून तर कालची रात्र झोपलो नाही."

"मग आता? गाळायचं?"

काकांनी प्रूफ टेबलावर पसरलं. "शास्त्रात नाही, त्यामुळे हिरवं नाही. जुनी परंपरा नाही, त्यामुळे निळं नाही. पण आगापिछा नाही असंही नाही, फादर. याचा दिवस माहीत आहे, खोली माहीत आहे, माणसं माहीत आहेत, अस्सल कागद तुमच्यापुढे आहे. तुमच्या अख्ख्या पुस्तकात एवढा भक्कम पुरावा दुसऱ्या कशाला असेल तर दाखवा."

फादरांनी प्रूफ उचलून उजेडात धरलं. तळाची पेन्सिलीची ओळ त्यांनी वाचली, आणि कागद फार हळू खाली ठेवला.

"चौथी पेन्सिल लागेल," ते म्हणाले. "पण बाकावरच्या पाटीचं काय करू?"

"पाटी नको. लोक हात कुठे टेकवणार?"

नव्या आवृत्तीत मत्थियाचा शास्त्रातला भाग तसाच राहिला. त्याखाली काकांनी स्वतः लिहून दिलं: 'मत्थियाबद्दल याहून अधिक काही ठाऊक नाही. तो दाराशी बसे व एक जागा रिकामी ठेवी, ही कथा प्राचीन नाही. या पुस्तकाची पहिली आवृत्ती छापताना पान भरायला मजकूर कमी पडला, तेव्हा खिळे जुळवणाऱ्या बाईंनी ती रचली. शेवटची दोन वाक्ये मुद्रितशोधकाची आहेत. त्या दोघांचे पुढे लग्न झाले.' आणि त्यापुढे ती कथा, अक्षरशः.

हे सगळं बसवलं तरी पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा उरली. आता खिळे नव्हते. संगणकावर बसणाऱ्या मुलीनं चार वेळा अक्षर लहानमोठं करून पाहिलं आणि शेवटी छापील प्रूफ काकांकडे पाठवलं. कोऱ्या जागेपाशी तिनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. 'इथे राहिलंय का काही?'

काकांनी पान दोनदा वाचलं. एका स्वल्पविरामाला जागेवर बसवलं. मग त्या कोऱ्या जागेशी येऊन पेन्सिल धरून बराच वेळ बसले. सूनबाईनं दारातून डोकावून पाहिलं आणि परत गेली.

शेवटी त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं, समासात 'चूक नाही, असंच छापा' असं लिहिलं आणि खाली सही केली.